अलास्काची क्रूझ: छोटं जहाज, मोठं जहाज आणि १६ लाखांची एफडी

प्रश्न: माझं वय ६२, पत्नीचं ५९. ठाण्यात स्वतःचं घर, कर्ज नाही. पेन्शन दरमहा ५८,००० रुपये, घरखर्च ५२,०००. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख आहेत आणि १६ लाखांची एफडी मार्चमध्ये सुटतेय. जूनमध्ये मुलाकडे सिएटलला जाणारच आहोत, तिकडचं विमानाचं तिकीट तो काढतोय. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे. तिथून अलास्का करायचंय. मोठ्या जहाजाचं सिएटल ते सिएटल, सात रात्रींचं, बाल्कनीच्या खोलीचं तिकीट माणशी १,७५० डॉलर. ८० प्रवाशांच्या छोट्या जहाजाचं अलास्कातल्याच जुनो ते केचिकन, तेवढ्याच रात्रींचं, माणशी ६,८०० डॉलर. पत्नीला हिमनद्या आणि देवमासे जवळून बघायचेत. एफडीतून छोटं जहाज करावं का?

उत्तर: या एफडीतून नको. पण मोठ्या जहाजाचं तिकीटही लगेच काढू नका.

छोट्या जहाजात सगळं आलेलं असतं, मोठ्यावर वरखर्च होतो, त्यामुळे शेवटी फरक फारसा उरत नाही, असं क्रूझ विकणारे नेहमी सांगतात. मांडून बघू. डॉलर ९० रुपये धरलाय, वरखर्चाचे आकडे माझे अंदाज आहेत.

मोठ्या जहाजाची दोघांची तिकिटं ३,५०० डॉलर. टिप माणशी रोज १७ डॉलर धरली तर २३८. ती आपोआप खात्यावर चढते. जुनोची देवमाशांची बोट, स्कॅगवेची व्हाइट पास रेल्वे आणि केचिकनहून पाण्यावर उतरणारं विमान मिळून १,४१०. इंटरनेट आणि किरकोळ २५०. कॅनडाचा व्हिसा (तो का लागतो ते पुढे) दोघांचा सुमारे २६७. एकूण ५,६६५ डॉलर, म्हणजे ५.१० लाख.

छोट्याची तिकिटं १३,६०० डॉलर. टिप सात टक्क्यांनी ९५०. जहाज सिएटलहून सुटत नाही, म्हणून जुनोला जायचं आणि केचिकनहून परतायचं विमान ९००, आदल्या रात्रीचं हॉटेल ३००. एकूण १५,७५० डॉलर, १४.१८ लाख. तिकिटांत ९.०९ लाखांचा फरक होता, सगळं धरून ९.०८ लाखांचा. फरक जागचा हलला नाही.

आता हे तुमच्या खिशाला लावून बघा. बचत योजनेचं व्याज सध्याच्या ८.२ टक्क्यांनी महिन्याच्या हिशेबाने २०,५०० येतं. पेन्शन धरून खर्च वजा जाता महिना २६,५०० उरतात. मोठ्या जहाजाचा खर्च १९-२० महिन्यांत भरून निघेल, छोट्याचा साडेचार वर्षांत. शिवाय ४६ लाखांतली हाताशी असलेली रक्कम ही एफडीच. आरोग्य विम्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, म्हणजे बहुधा हीच एफडी दवाखान्याची पुंजी आहे. तिच्यात १.८२ लाख उरवून फिरायला जाणं मला पटत नाही. बचत योजनेला तर हात लावूच नका: खातं पहिल्या वर्षात मोडलं तर व्याज मिळत नाही, दुसऱ्या वर्षात मोडलं तर मुद्दलातून दीड टक्का कापतात, नंतर एक टक्का.

छोटं जहाज महाग आहे, पण फसवं नाही. ते रात्री एखाद्या निर्जन खाडीत नांगर टाकतं, सकाळी रबरी होडीतून किनाऱ्यावर उतरवतं, देवमासा दिसला तर वेळापत्रक बाजूला ठेवून थांबतं. मोठं जहाज शहरांच्या धक्क्यांना लागतं. ग्लेशियर बे नॅशनल पार्कमध्ये दिवसाला जास्तीत जास्त दोनच मोठी जहाजं सोडतात. रेंजर जहाजावर येऊन माहिती सांगतात, पण प्रवासी खाली उतरत नाहीत. बाराव्या मजल्यावरून देवमाशाचा फवारा दिसतो, मासा क्वचितच. आणि सगळीच मोठी जहाजं ग्लेशियर बेमध्ये जात नाहीत. तुमच्या तिकिटावर हे नाव स्पष्ट आहे का, आधी तपासा. नुसतं ‘हिमनदी दर्शन’ लिहिलं असेल तर ती दुसरीच खाडी असू शकते.

छोट्या जहाजांवर बहुधा लिफ्ट नसते, डॉक्टरही नसतो. हलत्या होडीत पाय टाकायचा तर गुडघे शाबूत हवेत.

कॅनडाच्या व्हिसाशी बरेच जण ठेचकाळतात. अमेरिकेच्या १८८६च्या कायद्यानुसार परदेशी झेंड्याच्या जहाजाला फक्त अमेरिकी बंदरांमध्ये प्रवासी फिरवता येत नाहीत, मध्ये परदेशी बंदर घ्यावंच लागतं. मोठी जहाजं जवळजवळ सगळी परदेशी झेंड्याची, म्हणून सिएटलहून निघालेलं जहाज एका संध्याकाळी काही तास कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतं. तुम्ही खोलीतून बाहेर पडला नाहीत तरी भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो; अमेरिकेचा पुरत नाही. तो नसेल तर सिएटलच्या धक्क्यावरच अडवतात आणि पैसे बुडतात. अर्ज आत्ताच करा, व्हिसा हातात आल्याशिवाय उरलेली रक्कम भरू नका. ती साधारण ९० दिवस आधी मागतात. अमेरिकी झेंड्याच्या छोट्या जहाजाला ही भानगड नाही.

तुमच्या पत्नीला हवंय ते जहाजाशिवायही मिळतं. सिएटलहून जुनो आणि तिथून ग्लेशियर बेच्या तोंडाशी असलेल्या गस्टावसला विमानाने जा. पार्कमधल्या बार्टलेट कोव्हहून दिवसभराची छोटी बोट हिमनदीच्या कड्यापर्यंत नेते. समोरच्या पॉइंट अॅडॉल्फसला उन्हाळ्यात हंपबॅक देवमासे चरायला येतात. दोघांचा अंदाज असा: विमान १,१००, सहा रात्री १,८००, पार्कची बोट ५४०, देवमाशांची बोट ३८०, वाटाड्यासह कायाक ३००, जेवण ७२०. एकूण ४,८४० डॉलर, ४.३६ लाख, मोठ्या जहाजापेक्षा पाऊण लाखाने कमी, आणि कॅनडाचा व्हिसा नको. गैरसोय एवढीच की सामान उचलत फिरायचं आणि शाकाहारी असाल तर निवडीला वाव कमी. गस्टावसला खोल्या मोजक्या, जूनसाठी हिवाळ्यातच बुक करा. दोघांना रोज आयतं ताट आणि एकच खोली हवी असेल तर मोठं जहाज घ्या, पण केचिकनच्या विमानाची सहल गाळून ग्लेशियर बेचंच.

पैसे भरताना भारतीय क्रेडिट कार्ड टाळा. परकीय चलनातल्या खर्चावर बहुधा साडेतीन टक्के मार्कअप (जादा शुल्क) आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून ४.१३ टक्के जातात. मोठ्या जहाजाच्या तिकिटावर १३,००० रुपये. मुलाच्या कार्डाने भरा आणि त्याला बँकेतून पाठवा. एका आर्थिक वर्षात तुमच्या पॅनवर परदेशी पाठवलेली एकूण रक्कम १० लाखांच्या आत असेल तर टीसीएस (पैसे भरतानाच घेतला जाणारा आगाऊ कर) लागत नाही. भारतातल्या कंपनीचं पॅकेज घेतलंत तर एप्रिल २०२६ पासून टीसीएस दोन टक्के. तो विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो. पॅकेजवरचा पाच टक्के जीएसटी मात्र गेला तो गेला.

एफडीतून पाच लाख सहलीला काढा. एक लाख बचत खात्यात ठेवा. उरलेले दहा लाख वर्षभराच्या एफडीत टाका. पत्नीला साठ पूर्ण झाली की त्यांच्या नावाने बचत योजनेचं खातं उघडा, आजच्या दराने तिमाहीला २०,५०० येतील. छोट्या जहाजाची ओढ राहिलीच तर शिलकीतून महिना २६,५०० बाजूला टाकत साडेचार वर्षांत सव्वाचौदा लाख जमतील. गुडघे तोवर थांबतील का, ते तुम्ही ठरवा.

प्रवास विमा अमेरिका धरून, निदान एक लाख डॉलरचा घ्या. रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर आधीचे आजार धरलेत का आणि दुर्गम ठिकाणाहून हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च मिळतो का, हे पॉलिसीच्या कागदावर वाचून घ्या. एजंटच्या तोंडी होकारावर थांबू नका.