चिनी माल बंद केला की झालं का?

प्रश्न : ताई, घनसावंगी तालुक्यात माझी मोसंबीची बाग आहे. 2025च्या पावसाळ्यात ठिबकमधून सोडायची विद्राव्य खतं ऐन गरजेला मिळेनात, मिळाली ती चढ्या भावानं. दुकानदार म्हणाला, चीननं माल अडवलाय. गलवाननंतर आमच्या गावातल्या पोरांनी चिनी मालावर बहिष्कार घातला होता. त्यानं काही फरक पडतो का? नसेल तर करायचं काय?
– एक शेतकरी, जि. जालना

उत्तर : दादा, पोरांचा राग खरा होता. 15 जून 2020च्या रात्री आपले 20 जवान गेले. पण पुढं काय झालं ते बघा. 2020-21मध्ये आपण चीनकडून सुमारे 65 अब्ज डॉलरचा माल घेतला. 2024-25मध्ये तो 113 अब्जांवर गेला, आणि आपण त्यांना विकला जेमतेम 14 अब्जांचा. दिवाळीच्या माळा थांबल्याही असतील. वाढली ती यंत्रं, इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग, औषधांचा कच्चा माल. हे सगळं आपल्याच कारखान्यांना लागतं.

वाळूजला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीच्या परचेसमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली. ज्या पार्टला एकच सप्लायर, त्याचा फोन आला की साहेबसुद्धा खुर्चीत सावरून बसायचे. दुसरा उभा करायचा म्हटलं की सॅम्पल, ट्रायल लॉट, टेस्टिंग, मंजुरी यांत महिने जातात, सुरुवातीला भावही जास्त पडतो आणि अकाउंट्सवाले ओरडतात. माल सुरळीत येत असतो तेव्हा हे कुणालाच नको असतं. नेमकं तेव्हाच ते करावं लागतं.

देशानंही हेच टाळलं. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये 1955 पासून पेनिसिलिन बनायचं. नव्वदच्या दशकानंतर चीनचा स्वस्त माल आला आणि आपले कारखाने एकेक करून थांबले. पेनिसिलिन-जी, म्हणजे या औषधांचा मूळ कच्चा माल, पुन्हा इथं बनू लागला तो 2024 साली, आंध्रातल्या काकीनाड्याला, सरकारी प्रोत्साहन योजनेच्या आधारानं. मोडायला थोडी वर्षं लागली, उभारायला जवळपास तीन दशकं. मला याचा अजून संताप येतो.

एप्रिल 2025मध्ये चीननं दुर्मीळ खनिजं आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा विजेवरच्या गाड्या बनवणाऱ्यांची धावपळ झाली, कारण त्यांच्या मोटरला हेच चुंबक लागतात. यांतली काही खनिजं आपल्या केरळ-ओडिशाच्या किनारी वाळूत आहेत. पण त्यांचं शुद्धीकरण जगात सुमारे 90 टक्के चीनमध्येच होतं.

म्हणून सगळ्या मालावर राग काढू नका. चिनी यंत्र घेऊन चिकलठाण्यात चार पोरांना काम देणाऱ्याला दोष देऊ नका. जिथं एकाच्या हातात आपली मान आहे, अशा वस्तूंची यादी करून दुसरा पुरवठादार उभा करा, पहिली काही वर्षं महाग पडला तरी. डीएपी खताबाबत 2025मध्ये सौदी कंपनीशी वर्षाला 31 लाख टनांचा पाच वर्षांचा करार झाला, तो याच वाटेवरचा. विद्राव्य खतांसाठीही तसंच हवं, आणि ही मागणी तुम्ही बागायतदारांनी लावून धरली पाहिजे.

प्रश्न : चीनचा संरक्षण खर्च आपल्या तिप्पट आहे. आपण बरोबरी कशी करणार?
– एक विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : बरोबरी करूच नये, बाळा. 2024चं त्यांचं जाहीर बजेट सुमारे 231 अब्ज डॉलर, आपलं 75च्या आसपास, आणि त्यांची अर्थव्यवस्था आपल्या चौपटीहून मोठी. त्यांच्या प्रत्येक जहाजाला जहाज लावत बसलो तर शाळा-दवाखान्यांचा पैसा संपेल. चढाई त्यांना महाग पडावी, एवढी तयारी मात्र हवीच : लडाखमध्ये सीमेजवळच्या दौलत बेग ओल्डीपर्यंतचा 255 किलोमीटरचा रस्ता, अरुणाचलमधला 2024चा सेला बोगदा, अंदमानजवळची नौदलाची नजर. आणि बोलणीही. ऑक्टोबर 2024मध्ये लडाख सीमेवरच्या देपसांग-देमचोकच्या गस्तीवर तोडगा निघाला तो चर्चेतूनच.

मला काळजी वेगळ्याच आकड्याची वाटते. संशोधनावर चीन जीडीपीच्या अडीच टक्क्यांच्या आसपास खर्च करतो, आपण 0.64. तुझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत काय आहे आणि काय नाही, ते मला लिहून पाठव. पुढच्या अंकात त्यावरच लिहिते.