प्रश्न तुमचे, उत्तर किचनमधून : खानावळीतून प्रॉव्हिडन्सला

प्रश्न : आमची कोल्हापुरात खानावळ आहे, सासूबाईंनी सुरू केलेली. मुलगी यंदा बारावी झाली. तिला अमेरिकेतल्या जॉन्सन अँड वेल्स युनिव्हर्सिटीत कलिनरी आर्ट्स, म्हणजे व्यावसायिक स्वयंपाक, शिकायचं आहे. दीर म्हणतात, रस्सा घरात शिकलीच आहे, त्यासाठी अमेरिकेला कशाला? बँक कर्ज देते आहे, पण जमीन तारण ठेवावी लागेल. मन होत नाही आणि पोरीचं मनही मोडवत नाही. काय करू?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. दादरच्या आयएचएममधून, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंटच्या संस्थेतून, बाहेर पडून दोन वर्षं नोकरी केली आणि 1999 मध्ये मी याच युनिव्हर्सिटीत शिकायला अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात गेले. त्यामुळे ऐकीव काही सांगत नाही.

आधी तुमच्या दिरांचा मुद्दा घेते, कारण तो उडवून लावण्यासारखा नाही. तुमची मुलगी अळणी करायला शिकली असणार. मटण शिजवून काढलेलं ते साधं पाणी. त्यातूनच तांबडा होतो, त्यातूनच पांढरा. तिकडे पहिल्या वर्षात हेच शिकवतात, त्याला स्टॉक म्हणतात. मग त्या स्टॉकचा कॉन्सोमे, म्हणजे काचेसारखं नितळ सूप, करायचा असतो. थंड स्टॉकमध्ये बारीक खिमा, अंड्याचा पांढरा बलक, चिरलेल्या भाज्या आणि टोमॅटो घालून मंद आचेवर ठेवायचं. कोमट होईपर्यंत ढवळत राहायचं, मग डाव बाजूला ठेवायचा. अंड्याबरोबर सगळा गाळ वर येऊन त्याचा जाड थर बसतो. त्याला एक भोक पाडायचं, आणि त्या भोकातून खालचं पाणी हलकेच उसळताना बघत बसायचं. शेवटी मलमलीतून गाळायचं. भांड्याच्या तळाशी नाणं टाकलं तर त्यावरचं साल वाचता आलं पाहिजे, ही जुन्या शेफची परीक्षा. माझ्या पहिल्या कॉन्सोमेला उकळी फुटली, थर मोडला आणि पातेलंभर पाणी गढूळ झालं. शेफनी काही न बोलता नवा स्टॉक पुढे ठेवला. त्या दिवशी मला कळलं की आच म्हणजे काय. हाताला अंदाज आधीपासून होता, पण त्या अंदाजामागचं कारण तिथे मिळालं.

तुमच्या खानावळीला सगळ्यात उपयोगी पडेल ते मात्र वेगळंच आहे. रात्री उरलेला रस्सा आपण झाकून शेगडीवरच ठेवतो, सकाळी उकळी काढतो. तिकडे पहिला धडा हा, की गरम पदार्थ दोन तासांत 57 अंशांवरून 21 वर आणि पुढच्या चार तासांत 5 अंशांवर आणायचा. मोठं पातेलं तसंच ठेवलं तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि जंतूंना तेच हवं असतं. म्हणून उथळ भांड्यांत ओतायचं, सिंकमध्ये बर्फ भरून त्यात भांडी ठेवायची, तापमान मोजून वहीत लिहायचं. त्याबरोबर कॉस्टिंग. एक किलो मटणातून शिजल्यावर किती ताटं निघतात आणि ताटामागे किती रुपये पडतात, हे कागदावर मांडायचं. खानावळ पुढच्या पिढीत नेणाऱ्या मुलीला हे आलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

या युनिव्हर्सिटीचा स्वभावही सांगते. 1914 मध्ये गर्ट्रूड जॉन्सन आणि मेरी वेल्स या दोन शिक्षिकांनी प्रॉव्हिडन्समध्ये ती सुरू केली, तीही एक विद्यार्थी आणि एक टाइपरायटर घेऊन. तेव्हा ती व्यापारी कामं शिकवणारी शाळा होती. स्वयंपाकाचं शिक्षण 1973 मध्ये आलं. पण हाताला काम शिकवायचं, हा बाणा पहिल्यापासूनचा. म्हणून तिथे पहिल्याच वर्षी किचनमध्ये उभं करतात. दोन वर्षांत असोसिएट पदवी मिळते आणि पुढची दोन वर्षं करून बॅचलर पूर्ण करता येते. पहिल्या टप्प्यावर थांबायचीही सोय आहे, हे लक्षात असू द्या.

अमेरिकेत टीव्हीवर गाजलेले शेफ एमरिल लगासी हे तिथले नावाजलेले माजी विद्यार्थी. जवळच्याच फॉल रिव्हर गावचे. आई पोर्तुगीज वंशाची, आणि लहानपणी ते पोर्तुगीज बेकरीत काम करायचे. संगीताची शिष्यवृत्ती मिळत असताना त्यांनी स्वयंपाक निवडला. त्या भागात पोर्तुगीज वस्ती जुनी आहे. प्रॉव्हिडन्सच्या फॉक्स पॉइंट भागात मी पहिल्यांदा ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज माणसाच्या तोंडून ऐकला, थोडा नाकातून उच्चारलेला, आणि दुकानात उभी असताना डोळ्यांत पाणी आलं. आपला पाव त्यांच्याच भाषेतून गोव्यामार्गे आला, हे पुस्तकात वाचलेलं होतं. कानांनी ऐकलं ते तिथे.

आता पैसे. पूर्ण फी धरली, तर शिक्षण, राहणं आणि जेवण मिळून वर्षाला 50,000 डॉलरच्या वर जातात. शिष्यवृत्ती मिळाली तर कमी होतं, पण आकडा मोठाच राहतो. शिकून बाहेर पडलेली मुलगी लाइनवर लागेल, म्हणजे शेगडीसमोर उभी राहून ऑर्डरी काढेल. तासाला 20 डॉलर धरले, आठवड्याला 40 तास, तर वर्षाचे 41,600. त्यातून टॅक्स, भाडं, बस. म्हणजे एका वर्षाच्या शिक्षणाचा खर्च पूर्ण वर्षाच्या पगारातही निघत नाही.

व्हिसाचंही बघा. शिकत असताना कॅम्पसवर सत्र चालू असेल तेव्हा आठवड्याला 20 तासच काम करता येतं. पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे शिकलेल्या विषयात काम करायच्या परवानगीवर, 12 महिने. त्यापुढे एच-1बी हा नोकरीचा व्हिसा लागतो आणि तो स्वयंपाक्याच्या नोकरीवर मिळणं फार अवघड, कारण त्या नोकरीला ठरावीक विषयाची पदवी लागतेच असं सरकार सहसा मानत नाही. माझ्या बरोबरचे बरेच जण जहाजांवर गेले किंवा मायदेशी परतले. मी स्वतः परत आले आणि कर्ज फेडायला सात वर्षं लागली. त्या सात वर्षांत दिवाळीला नवी साडी घेतली नाही. म्हणून स्पष्ट सांगते, तिथल्या नोकरीच्या भरवशावर जमीन तारण ठेवू नका.

माझं म्हणणं असं. मुलीला आता सहा महिने दुसऱ्या कुणाच्या किचनमध्ये काम करू दे, घरच्या नको. एखाद्या मोठ्या हॉटेलात, जिथे तिला कुणी मालकीणबाईंची मुलगी म्हणून ओळखणार नाही. रोज दहा किलो कांदा, बारा तास उभं राहणं, सणाला सुट्टी नाही. तिकडच्या बुचरीच्या, म्हणजे मांस कापण्याच्या, वर्गात डुक्कर आणि बीफही हाताळावं लागतं, त्याबद्दल घरात आधीच बोलून घ्या. सहा महिन्यांनीही तिचं मन तेवढंच घट्ट असेल, तर एनसीएचएमची, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंटच्या राष्ट्रीय परिषदेची, प्रवेश परीक्षा देऊन आयएचएमला घाला. दादरचं आयएचएम 1954 चं आहे, गोव्यात पर्वरीलाही आहे, आणि खर्च तुमच्या आवाक्यातला. तिथून पुढे जे-1 या प्रशिक्षणाच्या व्हिसावर अमेरिकेतल्या हॉटेलात वर्षभर ट्रेनिंग करता येतं, विद्यावेतन घेऊन. मग तिला प्रॉव्हिडन्सच हवं असेल आणि शिष्यवृत्तीचं पत्र हातात असेल, तर पाठवा. नुसतं खानावळीसाठी हवं असेल, तर रस्सा थंड करण्याचा तो धडा आज रात्रीपासूनच सुरू करा. त्याला एक थर्मामीटर पुरतो.

प्रश्न : एका एजंटने मला याच युनिव्हर्सिटीच्या डेन्व्हर कॅम्पसला प्रवेश मिळवून देतो म्हणून सांगितलं आहे. 30,000 रुपये आगाऊ मागतो. देऊ का?
– एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : नको, एक रुपयाही देऊ नका. डेन्व्हर आणि नॉर्थ मायामी हे दोन्ही कॅम्पस 2021 मध्ये बंद झाले. आता प्रॉव्हिडन्स आणि शार्लट, एवढेच आहेत. अर्ज थेट युनिव्हर्सिटीकडे करता येतो, मधल्या माणसाची गरज नाही. प्रवेश मिळाला की व्हिसासाठी लागणारा आय-20 नावाचा कागद युनिव्हर्सिटीकडूनच येतो, त्यावरचं शहराचं नाव वाचा. आगाऊ पैसे दिले असतील तर पावती जपून ठेवा आणि वडिलांना आजच सांगा.