घोळणा सारखा फुटतो म्हणून आईचा जीव टांगणीला

उन्हाळा लागला की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. "मॅडम, मुलाचा घोळणा सारखा फुटतो, रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, पण मला रात्रीची झोप लागत नाही, आत काही मोठं तर नसेल ना?" मी डॉक्टर नाही, समुपदेशक आहे, पुण्यात एका बालरोगतज्ज्ञांच्या क्लिनिकमध्ये बसते. घोळण्यासाठी कसलं आलंय समुपदेशन असं तुम्हाला वाटेल, म्हणून एका घरातलं सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

धायरीकडचं कुटुंब. मुलगा तिसरीत, वडील चाकणला शिफ्टमध्ये, घरी आई आणि आजी. समोरच बिल्डिंगचं काम चालू, खिडक्या लावून घेतल्या तरी संध्याकाळपर्यंत ओट्यावर धुळीचा थर. पोराला ॲलर्जीची सर्दी, नाक कायम खाजणार, आणि हवा कोरडी झाली तसा आठवड्यातून दोन-तीनदा घोळणा फुटायला लागला. कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांनी तपासलं, सीबीसी म्हणजे रक्तपेशींची तपासणी झाली, प्लेटलेट्स ठीक, रक्त गोठण्याच्या टेस्टपण ठीक. तरी आईने दुसऱ्या लॅबमध्ये परत सीबीसी केली, मग तिसऱ्या लॅबची चिठ्ठी मागायला आली तेव्हा आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठी न देता तिला माझ्याकडे पाठवलं.

बोलता बोलता एका रात्रीचं निघालं. घोळणा फुटला तसं आजींनी त्याला आडवं केलं, मान मागे, डोक्यावर पाणी, नाकाशी फोडलेला कांदा, आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या हेच करतात. मान मागे टाकली की रक्त बाहेर दिसायचं थांबतं, सगळ्यांना वाटतं थांबलं, पण ते घशातून पोटात जात असतं आणि पोटाला रक्त अजिबात सोसत नाही. तासाभराने त्याला काळपट गाठींची उलटी झाली. मध्यरात्री रिक्षा करून कॅज्युअल्टीत. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की गिळलेलं रक्तच बाहेर पडलंय, पण त्या वेळी कोण ऐकतंय, घरच्यांच्या डोक्यात "रक्ताची उलटी" एवढंच राहिलं. त्यात आईच्या मामेबहिणीच्या मुलीला रक्ताचा कॅन्सर झाला होता. हे तिने दुसऱ्या भेटीत सांगितलं, तेही उठता उठता, पर्स खांद्याला लावून झाल्यावर.

मग तिला "काही होत नाही हो" म्हणून काय उपयोग? भीती वेडेपणाची नव्हतीच. मी तिला म्हटलं, तुम्ही ज्याला घाबरताय ते कसं दिसतं हे डॉक्टरांनाच नीट विचारू. डॉक्टरांनी बसून सांगितलं: कुठे न आपटता अंगावर काळेनिळे डाग, त्वचेवर बारीक लाल ठिपके, हिरड्यांतून रक्त, न हटणारा ताप, पोर पांढरंफटक पडून मलूल होणं, असं काही असेल तर लगेच या, आणि पावसाळ्यात तापाबरोबर घोळणा फुटला तर डेंग्यू बघायचाच. यातलं काही नसेल, रक्त दाबल्यावर थांबत असेल, तर तीच टेस्ट परत परत करून नवीन काही कळणार नाही. आईने ते वहीत लिहून घेतलं. तिच्या चेहऱ्यावरून मला वाटलं की "नॉर्मल" या शब्दापेक्षा तिला ती यादी जास्त पटली.

पोराशी एकट्याशी बोलले तेव्हा वेगळंच कळलं. "आई रोज सकाळी मोबाईलचा टॉर्च मारून नाकात बघते." आणि मग? "मग मला आत काहीतरी आहे असं वाटत राहतं." वाटत राहतं म्हटल्यावर बोट जाणारच. नाकाच्या मधल्या पडद्याच्या अगदी पुढच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, वरची त्वचा नाजूक, मुलांचा घोळणा बहुतेक वेळा तिथूनच फुटतो. तिथे खपली धरते, ती खाजते, बोट जातं, खपली निघते, परत रक्त. शाळेत मुलं त्याला चिडवत होती, म्हणून हा रुमाल दप्तराच्या खालच्या कप्प्यात लपवायचा, रक्त आलं तर बाथरूममध्ये जाऊन एकटाच पुसत बसायचा. शाळेची सिंहगडची ट्रिप होती तर "माझं पोट दुखतं" म्हणाला, आईलाही ते बरंच वाटलं.

आम्ही काय केलं तर पहिलं म्हणजे टॉर्च बंद. आईला हे सगळ्यात जड गेलं, सुरुवातीला ती म्हणे हात शिवशिवतात. "नाकात बोट घालू नकोस" हे दिवसभर ओरडणंही बंद, त्याने बोट थांबत नाही, फक्त लपून जातं. त्यापेक्षा दर रविवारी नखं कापायची, डॉक्टरांनी दिलेलं मिठाच्या पाण्याचं सलाईन नाकात, आणि झोपताना नाकपुडीच्या कडेला आतून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात, तोही त्याने स्वतः लावायचा. एक बारीकशी गोष्ट डॉक्टरांच्या लक्षात आली, ॲलर्जीचा स्प्रे तो सरळ मधल्या पडद्यावर मारत होता, त्यानेही तिथली त्वचा कोरडी पडते. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजव्या, म्हणजे स्प्रेचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेला होतं.

आणि घोळणा फुटलाच तर काय, ते माझ्या खोलीतच प्रॅक्टिस केलं. ताठ बसायचं, मान किंचित पुढे, नाकाचा खालचा मऊ भाग दोन बोटांनी दोन्हीकडून चिमटीत घट्ट धरायचा, वरचं हाड नाही, तोंडाने श्वास, तोंडात रक्त आलं तर थुंकायचं. सलग दहा मिनिटं, मधे सोडून "थांबलं का" बघायचं नाही. पोराने लगेच नाक दाबलं आणि मला म्हणाला, "बॅडब, दहा बिडिटं खूप होतात," आई पहिल्यांदा हसली. त्याचं म्हणणं खोटं नाही, बहुतेक घरांत दोन मिनिटांत हात सुटतो आणि मग "दाबूनही थांबत नाही" अशी तक्रार येते. आजींना काम हवंच होतं, त्या म्हणाल्या मी शेजारी बसून रामरक्षा म्हणते, सावकाश म्हटली की दहा मिनिटांच्या आसपास जातातच. संपली की मग घड्याळ बघून हात काढायचा. आजींचं "अंगात उष्णता आहे" ते मी खोडायला गेले नाही, सब्जा आणि गुलकंद चालू आहे, नुकसान काही नाही. फक्त मान मागे आणि नाकात कसलाही रस नाही, एवढं त्यांनी कबूल केलं.

नीट दाबूनही वीस-तीस मिनिटांत थांबलं नाही, डोक्याला मार लागल्यावर रक्त आलं, चक्कर किंवा श्वासाला त्रास, मूल दोन वर्षांच्या आतलं, तर घरी बसायचं नाही. एकाच नाकपुडीतून घाण वासाचं पाणी आणि रक्त येत असेल तर मणी, खडू, शेंगदाणा काहीतरी अडकलेलं असू शकतं, तेही दाखवायचं.

शाळेच्या बाईंना आईने चार ओळींची चिठ्ठी दिली, वर्गात घोळणा फुटला तर त्याला बाकावरच बसू द्या, त्याला काय करायचं माहीत आहे. ट्रिप पुढे ढकलली गेली होती, त्यामुळे तो गेला. गडावर काही झालं नाही, उतरताना बसमध्ये फुटला, तर याने शेजारच्या मुलाला घड्याळ बघायला बसवलं आणि नाक धरून खिडकीबाहेर बघत बसला. आईला हे दोन दिवसांनी बाईंकडून कळलं, आणि मला फोन करून तिने पहिलं विचारलं ते हे, की त्याने मला सांगितलं का नाही.