१५० चाचण्या आणणार कुठून?

प्रश्न : मी दंतवैद्य आहे, दवाखाना स्वतःचा. तोंडातल्या बुरशीचं, म्हणजे कॅन्डिडाचं, झटपट निदान करणारं यंत्र घ्यायचं आहे. ६ महिन्यांच्या खर्चाची ठेव मोडू की ५ वर्षांचं कर्ज काढू? ६० चाचण्यांत महिन्याचा हप्ता निघतो. विक्रेता म्हणतो, प्रत्येक रुग्णाला सुचवली तर रोज ६ सहज होतील. महिन्याला १०० चाचणी संच मात्र घ्यावेच लागतात. गेल्या वर्षी असे रुग्ण ४० आले.

उत्तर : डॉक्टर, तुमचं शेवटचं वाक्य आधी घेऊ. रोज ६, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १५० चाचण्या. तुमचे रुग्ण वर्षाला ४०, म्हणजे महिन्याला तीन-चार. हप्त्याला हव्यात ६०. पैसे ठेवीतून द्या नाहीतर कर्जातून, ही दरी बुजत नाही.

मग उरलेल्या चाचण्या कोणाच्या? धडधाकट माणसांच्या. इथे मला विक्रेत्याचा खरोखर राग येतो. ढोबळ मानाने तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्या निरोगी तोंडांत कॅन्डिडा काही त्रास न देता राहतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. बुरशी सापडली म्हणजे आजार झाला असं नाही. त्यांना औषध देणार? रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेणाऱ्याला मायकोनाझोलची बुरशीनाशक जेल दिली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. हप्ता फेडण्यासाठी रुग्ण शोधायची वेळ स्वतःवर आणू नका.

चाचणी निरुपयोगी नाही. कवळीखालची लाली, दम्याचा स्टेरॉइड पंप घेणाऱ्याची जळजळ, अशा ठिकाणी शंका फिटेल. पण पुसून निघणारा पांढरा थर तुम्ही डोळ्यांनीच ओळखता. खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहायलाही काही मिनिटंच लागतात. औषध लागू पडत नसेल तर नमुना कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून तपासायला, पाठवावाच लागतो.

संचांची अट तर यंत्राहून महाग पडेल. १०० घ्यायचे, ४ वापरायचे, बाकीचे मुदत संपली की फेकायचे. विक्रेत्याला एकच विचारा : किमान खरेदीची अट काढून, लागतील तेवढेच संच देता का? नाही म्हणाला तर सही करू नका. आणि ती ठेव दवाखाना बंद पडला तर घर चालवायची आहे. तिला कोणत्याही यंत्रासाठी हात लावू नका.