मंगळवारीच पोट का दुखतं?

या वेळी बहुतेक पत्रं क्लासबद्दलचीच आलीयेत, जून-जुलै उलटला की दरवर्षी असंच होतं. त्यातली चार घेतलीयेत. लांबलेली पत्रं थोडी छाटलीयेत, रागावू नका.

प्रश्न : ताई, माझी मुलगी दुसरीत आहे, इंग्लिश मीडियम. सोमवार-बुधवार कथक, मंगळवार-गुरुवार अबॅकस, शनिवारी ड्रॉइंग, रविवारी सकाळी स्विमिंग. सगळं तिला विचारूनच लावलंय, जबरदस्ती अजिबात नाही. पण गेला दीड महिना मंगळवारी आणि गुरुवारी बरोबर पाच वाजले की तिचं पोट दुखायला लागतं. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, काही नाही निघालं. मिस्टर म्हणतात नाटकं आहेत, सासूबाई मीठमोहऱ्या ओवाळतात. पूर्ण लेव्हलची फी भरून बसलोय. काय करू?
— एक आई, डोंबिवली

उत्तर : अगं, सगळ्यात आधी मिस्टरांना सांग की पोट खरंच दुखतंय तिचं. एवढ्या लहान मुलांना 'मला टेन्शन आलंय' असं सांगता येत नाही, त्यांचं टेन्शन पोटातच जातं आणि तिथे खरोखर दुखतं. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल, वजन उतरत असेल, उलट्या किंवा ताप असेल तर परत डॉक्टरकडे जायचंच, तिथे माझं ऐकत बसू नकोस. पण वार बघून येणाऱ्या दुखण्याचं मूळ त्या वारातच शोधायचं.

आणि 'तिला विचारूनच लावलंय' हे वाचून मला जरा हसूच आलं. सात वर्षांच्या पोरीला डान्स लावू का विचारलं तर ती हो म्हणते आणि हत्ती पाळूया का विचारलं तरी हो म्हणते.

आता अबॅकसचं. त्यात वरचा मणी पाचाचा आणि खालचे एकेकाचे, इथपर्यंत मुलांना मजा येते. मग 'स्मॉल फ्रेंड' 'बिग फ्रेंड' (पाच आणि दहा पुरे करणाऱ्या जोड्या) सुरू होतात, तिथे बरीच मुलं अडकतात. म्हणजे सातात आठ मिळवायचे तर मणी पुरत नाहीत, मग दहा द्यायचे आणि दोन काढायचे. तिकडे शाळेत त्याच आठवड्यात टीचर सात आणि आठ पंधरा, पाच लिही, हातचा एक असं शिकवत असतात, आणि घरी आजी बोटांवर मोजायला सांगते. एकाच बेरजेच्या तीन रीती, वर घड्याळ लावून स्पीड टेस्ट. ती कुठे अडकलीये ते बघायला तिच्याकडूनच शिकून घे, म्हणावं मला येत नाही, तू माझी टीचर हो. जिथे ती चिडेल किंवा 'आता बास' म्हणेल तिथेच तिचा बिग फ्रेंड रुसलाय असं समज.

पण कारण दरवेळी अभ्यासातच असतं असं नाही हं. माझ्या मुलाने तिसरीत तबला सोडला, रडून रडून सोडला, आम्ही आपलं 'याला तालच नाही' म्हणून मोकळे झालो. बावीस वर्षांचा झाल्यावर एकदा जेवताना सहज बोलला की त्या क्लासच्या संडासाची कडी आतून अडकायची, एकदा तो पाच-सात मिनिटं आत अडकला होता आणि बाहेर सगळे पेशकार वाजवत होते म्हणून त्याच्या हाका कोणाला ऐकूच आल्या नाहीत. त्यानंतर तो क्लासला जायच्या दिवशी दुपारपासून पाणीच प्यायचा नाही. मी शाळेत 31 वर्षं शिकवलं, दुसऱ्यांच्या मुलांचे चेहरे वाचत बसले आणि घरातलं हे मला कळलं नाही! तेव्हा एकदा क्लासला लवकर जा, जिना चढ, तिथलं बाथरूम स्वतः उघडून बघ, ती कोणाशेजारी बसते ते बघ, सर चुकलेल्या मुलाला काय बोलतात ते दाराबाहेर उभं राहून ऐक.

झोपेचा पण हिशेब कर जरा. आपल्याकडे 2024-25 पासून चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नका असा शासनाचा आदेश निघाला, पण बस आठला दारात येत असेल तर ती सातला उठणारच. क्लास साडेसातला सुटतो, मग होमवर्क, जेवण, टीव्ही, म्हणजे झोपायला पावणेअकरा. झाले सव्वाआठ तास, आणि या वयाला लागतात किमान नऊ. होमवर्कचं म्हणशील तर 2020 च्या केंद्राच्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत होमवर्क देऊच नये असं लिहिलंय, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. पालकसभेत शांतपणे विचारायला काय हरकत आहे?

कुठला क्लास ठेवायचा ते मला विचारू नकोस, कोणी न सांगता ती घरी काय करते ते बघ. ब्रश करता करता पाय 'ता थेई थेई तत्' करत असतील तर कथक राहू दे. स्विमिंग राहू दे, पोहता आलंच पाहिजे, त्याला छंद म्हणायचं कारण नाही. बाकी दोन्ही बंद केलेत तर काही आभाळ कोसळत नाही. फी गेली तर गेली, सोनोग्राफीला पण पैसे गेलेच ना.

प्रश्न : मुलगा तिसरीत. त्याच्या वर्गशिक्षिका स्वतःच घरी ट्यूशन घेतात आणि 'लावलीत तर त्याच्याकडे नीट लक्ष देता येईल' असं दोनदा म्हणाल्या. नाही म्हटलं तर वर्गात त्याच्यावर राग काढतील अशी भीती वाटते.
— एक बाबा, नाशिक

उत्तर : 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं 28 वं कलम बघा, शिक्षकांना खाजगी ट्यूशन घ्यायला बंदी आहे, साफ बंदी. अर्थात कलम तोंडावर फेकून भांडण करा असं मी म्हणणार नाही, पोरगं वर्षभर त्यांच्याच वर्गात बसणार आहे. 'संध्याकाळी मी स्वतः घेतो अभ्यास, वर्गात कुठे कमी पडला तर डायरीत लिहा' एवढंच बोला. तरीही तिसऱ्यांदा विषय निघालाच तर मुख्याध्यापकांना लेखी द्या, आणि एकट्याने देऊ नका, अजून दोन-तीन पालक नक्की सापडतील.

प्रश्न : डान्स क्लासमधून उवा आल्या! लाज वाटते कोणाला सांगायला.
— नाव नको, ठाणे

उत्तर : लाज कसली, उवांना स्वच्छ केस आणि घाणेरडे केस सगळे सारखेच. उवा उडत नाहीत की उड्या मारत नाहीत, डोक्याला डोकं लागलं की चालत जातात, आणि ग्रुप डान्सचा फोटो काढताना सगळ्या पोरी डोक्याला डोकं लावूनच उभ्या असतात. केस ओले करून भरपूर कंडिशनर लावायचा आणि बारीक दातांच्या फणीने बट बट घेऊन विंचरायचं, दर दोन-तीन दिवसांनी, किमान दोन आठवडे. लिखा फुटायला सात ते दहा दिवस लागतात म्हणून एकदा करून थांबलं की परत सुरू. औषध लावणार असाल तर डॉक्टरला विचारा, रॉकेल वगैरे जुने उपाय अजिबात नकोत. आणि क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बिनधास्त टाका, अजून चार आया 'आमच्याकडे पण' म्हणतील बघा.

प्रश्न : नात आठ वर्षांची, सून-मुलगा नोकरीला, एक ते सात माझ्याकडे असते. हातात सतत मोबाइल. शेजारच्या मैदानात मल्लखांब शिकवतात तिथे जाते म्हणून हट्ट धरलाय. पडली तर? आणि हात राठ होतील, उन्हात काळी पडेल, पुढे लग्नाचं काय?
— एक आजी, सातारा

उत्तर : आजी, लग्नाला अजून खूप वेळ आहे हो, तोपर्यंत हात परत मऊ होतील! पेशव्यांच्या काळात बाळंभट दादा देवधरांनी ही विद्या परत वर काढली आणि आता ती खेलो इंडियात पोचलीये. मुली बहुतेक दोरीचा मल्लखांब करतात. एकदा बघून या, पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत दोरी धरून मुली वर चढतात आणि वर जाऊन चक्क पद्मासन घालतात.

पडायची भीती योग्यच आहे, म्हणून तीन गोष्टी डोळ्यांनी बघा. खाली जाड गादी आहे का, नवीन मुलांच्या हाताशी कोणी मोठं माणूस उभं असतं का, आणि पहिल्या महिन्यात नुसते व्यायाम करून घेतात की लगेच वर चढवतात. लगेच चढवत असतील तर नको. लाकडी खांबाला एरंडेल लावतात, तेव्हा जुनेच कपडे घाला, डाग निघत नाहीत.

या वयाच्या मुलांना रोज तासभर दम लागेल असा खेळ हवा असतो आणि इथे तर ती आपणहून मागतीये. मोबाइल काढून घ्यायचं भांडण आत्ता करूच नका, मैदानावरून आली की आधी भूक लागेल, शेंगदाण्याचा लाडू आणि दूध तयार ठेवा, त्यानंतर ती मोबाइल मागते की तिथेच सतरंजीवर झोपते ते मला पुढच्या पत्रात कळवा.