बायबलच्या जुन्या करारातले हिब्रू संदेष्टे, म्हणजे देवाचा निरोप सांगणारे, मडकी फोडतात, मानेवर जू घालून फिरतात. या सांकेतिक गोष्टींचा अर्थ कसा लावायचा? त्यात पुढच्या काळाचं भविष्य दडलंय का?

दडलेलं असं फार थोडं आहे, असं माझं मत. हे लोक कोडी घालत नव्हते. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही कळावं म्हणून भररस्त्यात करून दाखवत होते. आपल्याला ते गूढ वाटतं, कारण मधे अडीच हजार वर्षं गेली आणि भाषाही बदलली. आमोस नावाच्या संदेष्ट्याला उन्हाळी फळांची टोपली दिसते आणि लगेच ‘शेवट आला’ असं ऐकू येतं. मराठीत वाचताना आपण बुचकळ्यात पडतो. हिब्रूत फळांना ‘कायित्स’ आणि शेवटाला ‘केत्स’ म्हणतात. शुद्ध कोटी आहे ती!

मी यिर्मया या संदेष्ट्याचं पुस्तक पुन्हापुन्हा वाचतो, म्हणून त्याचंच सांगतो. अठराव्या अध्यायात तो कुंभाराकडे जातो. चाकावरचं भांडं बिघडतं, कुंभार तोच गोळा घेऊन दुसरं घडवतो. एकोणिसाव्यात मात्र तो भाजलेली सुरई विकत घेतो, वडीलधाऱ्यांना यरुशलेमजवळच्या हिन्नोमच्या खोऱ्याकडे नेतो आणि त्यांच्या डोळ्यांदेखत फोडतो. दोन्ही अध्याय लागोपाठ वाचा. ओल्या मातीचं काहीतरी होऊ शकतं, भाजलेल्या भांड्याची फक्त खापरं होतात. एवढं कळायला पंडित लागत नाही.

जुवाचंही तसंच. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्यापुढे मान तुकवा, म्हणजे निदान जगाल, हे सांगायला तो स्वतः जू घालून हिंडला. राजकारणच होतं ते, आणि देशद्रोही वाटावं असं. हनन्या नावाच्या दुसऱ्या संदेष्ट्याने दोन वर्षांत सगळं ठीक होईल असं जाहीर केलं. यावर यिर्मया काय म्हणाला? ‘आमेन, परमेश्वर तसंच करो.’ खरा संदेष्टा कोण ते काळच ठरवील, असंही त्याने बजावलं. मग हनन्याने त्याच्या मानेवरचं जू काढून मोडलं, तेव्हा यिर्मया वाटेला लागला. लाकडाचं मोडलंस, आता लोखंडाचं येईल, हे उत्तर नंतर आलं.

पण मला सगळ्यात भावतं ते बत्तिसाव्या अध्यायातलं खरेदीखत. इ.स.पू. 587 च्या आसपासची गोष्ट. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. तिथे चुलतभाऊ हनामेल येतो : अनाथोथ गावातलं माझं शेत घे, नातलग म्हणून ते सोडवून घ्यायचा हक्क तुझा आहे. गाव शत्रूच्या टाचेखाली, जमिनीला कुत्रं विचारत नाही, आणि हा घेतो! सतरा शेकेल चांदी, म्हणजे साधारण दोनशे ग्रॅम, तराजूत तोलून देतो. सह्या, साक्षीदार, मोहोर, सगळं रीतसर. दस्ताच्या दोन प्रती, एक मोहोरबंद, एक उघडी. सातबाऱ्यासाठी खेटे घातलेल्या माणसाला हा तपशील वाचून हसू येईल. मग आपला लेखनिक बारूख याला सांगतो, दोन्ही मातीच्या मडक्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकले पाहिजेत. कारण या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील.

म्हणजे भविष्य आहे, नाही असं नाही. पण ते त्या वेढ्यात अडकलेल्या माणसांसाठी आहे. आजच्या बातम्यांना ते चिकटवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

 

दस्त बारूखच्या हाती दिल्यावर यिर्मया प्रार्थनेत देवालाच विचारतो : तटाला शत्रूचे मोर्चे भिडलेत, शहर गेल्यात जमा आहे, आणि तू मला शेत घे म्हणतोस? 586 मध्ये यरुशलेम पडलं. नंतर त्याच्याच लोकांनी त्याला मिसरात नेलं. शेत अनाथोथलाच राहिलं.