स्नोमोबिलसाठी बंद ट्रेलर: हप्ता परवडेल, पण ओढणार कोण?

तुमचं पत्र मिळालं. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात. हे वाचक मिनेसोटात मेपल ग्रोव्हला टाउनहोममध्ये राहतात, नवरा-बायको आणि दोन मुलं, नोकरी आयटीतली, व्हिसा अजून एच-१बी, ग्रीन कार्डची रांग चालूच. मागच्या काही वर्षांत दोन सेकंडहँड स्नोमोबिल (बर्फावर चालवायच्या मोटरगाड्या, बोलीत नुसतं स्लेड) घेतल्यात, एक पोलॅरिस, एक यामाहा, दोन्हींची मिळून आजची किंमत साधारण ९,००० डॉलर. सध्या जुन्या उघड्या, तिरका होणाऱ्या (टिल्ट) ट्रेलरवर घालून सीझनला सहा-एक वीकेंड ब्रेनर्डकडे किंवा नॉर्थ शोअरला, म्हणजे लेक सुपीरियरच्या काठाला, जातात. आता त्यांना ॲल्युमिनियमचा बंद ट्रेलर हवाय, ७ फूट रुंद, दोन्ही स्लेड एकामागे एक उभ्या राहतील आणि वर सामानाला जागा उरेल असा. डीलरने १६,५०० सांगितलेत. टॅक्स वगैरे धरून ३,००० हातचे आणि १५,००० चं लोन, ९ टक्क्यांनी, ७२ महिने. "महिन्याला २७० डॉलर म्हणजे दोन वेळचं बाहेरचं जेवण, एवढं परवडतंच ना?" असं विचारलंय.

परवडतं. पण तुम्ही हप्त्याचा हिशोब केलाय, ट्रेलरचा नाही केलेला.

आधी हे सांगून टाकतो की तुमचा वैताग खोटा नाहीये. जानेवारीत हायवे ६१ वरून उघडा ट्रेलर ओढत परत आलं की स्लेडवर मिठाचा असा राखाडी चिखल बसतो की सस्पेन्शनचे बोल्ट, टनेल, रेडिएटर सगळं धुतल्याशिवाय चैन पडत नाही, आणि उणे वीसमध्ये ड्राइव्हवेत धुणार कशाने हा प्रश्न असतोच. स्कीवरून आडवा बसणारा तो दांडा, त्याची फिरवायची मूठ बर्फाने गच्च धरते, मग ग्लोव्हज काढून, हातोडीने ठोकून, मुलं गाडीत भुकेली. बायकोला हॉटेलच्या पार्किंगमध्ये चोरीची भीती वाटते, तीही बरोबर. बंद ट्रेलरने यातलं बरंचसं जातं, हे मान्य. आत उभं राहून कपडे बदलता येतात, पुढच्या रॅम्पमधून स्लेड सरळ बाहेर काढता येते, मागे ढकलावी लागत नाही. चैन आहे, आणि चैनीला माझा विरोध नाही, माझ्याकडे येणारी निम्मी माणसं तर चैन करायला घाबरणारीच असतात.

आता मुद्द्याचं. तुमच्या पत्रात शेवटी एका ओळीत येऊन गेलंय की गाडी टोयोटा हायलँडर हायब्रिड आहे. तिथेच मी थांबलो. हायलँडर हायब्रिडची ओढायची मर्यादा ३,५०० पौंड. तुम्ही म्हणताय तसा दोन ॲक्सलचा ट्रेलर रिकामा असतानाच २,००० च्या वर जातो, त्यात पेट्रोल-ऑइलसकट दोन स्लेड म्हणजे साधारण १,१०० ते १,२००, मग हेल्मेटं, सूट, पेट्रोलचे कॅन, टूलबॉक्स, मुलांच्या स्लेज, कूलर. काही न करता ३,५०० पार. आणि हे नुसतं वजनाचं झालं, बंद ट्रेलरचं खरं दुखणं असतं वारा. एवढी उभी भिंत ताशी ६५ मैलांच्या स्पीडने हवेतून ओढायची म्हणजे वजन बसलं तरी इंजिन आणि मायलेज दोन्ही बसतात. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ओढायच्या पानावर ट्रेलरच्या समोरच्या क्षेत्रफळाची मर्यादा दिली आहे का तेही बघा, बऱ्याच कंपन्या देतात आणि कोणी वाचत नाही. हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या ट्रेलर जोडायच्या सांध्यावर, पडणारा भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवा, तो गाडीतल्या चार माणसांच्या आणि डिकीतल्या सामानाच्या वजनात मिळवायचा असतो, हेही विसरलं जातं. शिवाय मिनेसोटात ३,००० पौंड किंवा जास्त ग्रॉस वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, म्हणजे गाडीत ब्रेक कंट्रोलर आला, सात पिनचं वायरिंग आलं.

म्हणजे होणार काय ते सांगतो, कारण हे माझ्यासमोर होताना मी बघतो. नोव्हेंबरमध्ये ट्रेलर येईल. डिसेंबरमध्ये पहिल्या ट्रिपला डुलूथजवळच्या चढावर गाडी धापा टाकेल, बायको म्हणेल हे काही खरं नाही. आणि फेब्रुवारीत तुम्ही पिकअपच्या शोरूममध्ये असाल. हायलँडर देऊन चांगला पिकअप घ्यायचा तर वर अजून पंचवीस-तीस हजार सहज. ९,००० च्या स्लेड, त्यांच्यासाठी १८,००० चा ट्रेलर, त्याच्यासाठी पिकअप. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. डीलर हे तुम्हाला सांगणार नाही, त्याला ट्रेलर विकायचाय, आणि शक्यतो तुम्ही हिच कुठल्या गाडीला लावणार हे तो विचारणारही नाही.

बरं, गाडीचं क्षणभर बाजूला ठेवू, नुसत्या ट्रेलरचा हिशोब करू. १६,५०० वर ६.८७५ टक्के राज्याचा सेल्स टॅक्स, लोकल टॅक्स आणि रजिस्ट्रेशन धरून आकडा १८,००० च्या आसपास जातो. लोनवर ७२ महिन्यांत व्याज साधारण ४,४६० जातं. तुमची एचओए (घरमालकांची सोसायटी) ट्रेलर दारात उभा करू देत नाही आणि स्टोरेजवाल्याने महिना ९५ सांगितलेत असं तुम्हीच लिहिलंय, फक्त तो आकडा तुम्ही हप्त्यात मिळवलेला नाही. ९५ गुणिले १२ म्हणजे वर्षाला १,१४०, सहा वर्षांत ६,८४०. व्याजापेक्षा स्टोरेज जास्त! टायर, बेअरिंगला ग्रीस, इन्शुरन्स मिळून वर्षाला अडीचशे धरतो, ते कमीच धरलेत. सहा वर्षांनी ट्रेलर १०,००० ला गेला असं समजू, नीट ठेवलेल्या ॲल्युमिनियमला गिऱ्हाईक असतं म्हणून एवढे धरले. तर ८,००० घसारा, ४,४६० व्याज, ६,८४० स्टोरेज, १,५०० बारीकसारीक, बेरीज २०,८०० डॉलर. वर्षाला जवळजवळ ३,५००. सहा वीकेंड गेलात तर वीकेंडला ५८० च्या आसपास, आणि यात पेट्रोल, हॉटेल, ट्रेलचं स्टिकर काहीही नाही. म्हणजे दर वेळी ब्रेनर्डला जाताना नुसता ट्रेलर बाहेर काढायचे पावणेसहाशे. हे तुम्हाला चालत असेल तर चालू दे, पण "दोन वेळचं बाहेरचं जेवण" हे त्याचं नाव नाही.

आणि सहा वीकेंड हे कोणाच्या भरवशावर? मिनेसोटात २२,००० मैलांच्या आसपास ट्रेल आहेत, कागदावर सीझन १ डिसेंबर ते १ एप्रिल, पण ट्रेल उघडतो तो बर्फ पडला तर. २०२३-२४ चा हिवाळा आठवा, मिनेसोटाच्या नोंदींमधला सगळ्यात उबदार, इतका की नॉर्थ शोअरची बेअरग्रीज कुत्र्यांची स्लेड शर्यतसुद्धा बर्फाअभावी रद्द झाली. तुम्हीच लिहिलंय त्या वर्षी स्लेडचं कव्हर निघालंच नाही. असं सहा वर्षांत एकदा-दोनदा झालं तर हप्ता थांबणार नाही आणि स्टोरेजवालाही थांबणार नाही. मुलं मोठी होतायत ते वेगळंच, मोठ्याचं हॉकी सुरू झालं की वीकेंड तिकडे जातात, विचारा कुठल्याही मिनेसोटाच्या आईबापाला.

यामाहाबद्दल एक सांगायचं राहत होतं. यामाहाने २०२३ मध्येच जाहीर केलं की स्नोमोबिलच्या धंद्यातून बाहेर पडतोय, २०२५ चं मॉडेल शेवटचं. पार्ट मिळत राहतील, लगेच घाबरायचं कारण नाही, पण सहा वर्षांचं लोन घेताना आतल्या मशीन सहा वर्षं राहणार का हा विचार करायला हवा.

आता मला जे खरं टोचतंय ते. तुमच्या बचत खात्यात २२,००० आहेत आणि घरखर्च महिन्याला ७,००० च्या आसपास, म्हणजे तीन महिने. सिटिझन माणसाला मी तीन महिने कसेबसे चालवून घेईन. एच-१बीवर नाही. नोकरी गेली तर साधारण ६० दिवस मिळतात, त्यात दुसरा स्पॉन्सर शोधायचा, नाहीतर स्टेटस बदलायचं, नाहीतर गाशा गुंडाळायचा, आणि यातलं काहीही करायचं तर वकील, तिकिटं, भाडेकरार तोडायची फी, सगळं रोख लागतं. तुम्हाला सहा महिन्यांचे हवेत, ४२,०००. अशा वेळी ट्रेलर विकू असं म्हणाल, तर ट्रेलरला भाव येतो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. नोकरी एप्रिलमध्ये गेली तर चिखलाच्या दिवसांत तो कोण घेणार, आणि लोन शिल्लक असताना विकायचा तर आधी बँकेचं भागवायचं. ३,००० डाउन पेमेंटही याच २२,००० मधून जाणार आहेत ना?

लोनऐवजी ४०१के, म्हणजे नोकरीतल्या रिटायरमेंट खात्यामधून, उचलू का, व्याज आपलं आपल्यालाच मिळतं, असंही विचारलंयत. नको. नोकरी सुटली की बहुतेक प्लॅनमध्ये ती रक्कम अंगावर येते, त्या वर्षाच्या टॅक्स रिटर्नच्या मुदतीपर्यंत भरली नाही तर ती काढलेली रक्कम धरतात, त्यावर इन्कम टॅक्स आणि साडेएकोणसाठच्या आतले असाल तर वर १० टक्के दंड. नोकरी जायच्या धोक्यासाठी जे ठेवायचं तेच नोकरी गेल्यावर अंगावर येईल अशा ठिकाणी अडकवायचं, याला काय म्हणावं.

म्हणून माझं मत, या वर्षी नवा ट्रेलर नको. पण उघड्या ट्रेलरवर आणखी चार वर्षं हातोडी ठोकत बसा असंही म्हणत नाही. या सीझनला आहे त्याच ट्रेलरला पुढे सॉल्ट शील्ड (मिठाचा चिखल अडवणारा पत्रा) बसवून घ्या, ट्रेलरवर नेताना घालायची घट्ट कव्हरं घ्या, तो गोठणारा दांडा बदलून बिनमुठीचा, पायाने दाबून बसणारा क्लॅम्प घ्या, सगळं मिळून हजाराच्या आत बसावं. चोरीचं म्हणाल तर दोन्ही स्लेडवर कॉम्प्रिहेन्सिव्ह कव्हर आहे का आधी बघा, सेकंडहँड घेतल्यावर बरेच जण फक्त लायबिलिटी ठेवतात. आणि बंद ट्रेलर चोरीला जात नाही असं कोणी सांगितलं? तो दोन्ही स्लेडसकट एकदम जातो, हिच लॉक नसेल तर.

दुसरं, तुमचे बहुतेक वीकेंड ब्रेनर्डलाच जातात. मग स्लेड घरी आणायच्याच कशाला? पॉल बनियन ट्रेलच्या जवळपास डिसेंबर ते मार्च एक मिनी स्टोरेज घ्या, स्लेड तिथेच ठेवा, हायलँडरमधून मुलांना घेऊन आरामात जा, ट्रेलर नाही, मीठ नाही. चार महिन्यांचं भाडं वर्षभर महिना ९५ भरण्यापेक्षा कितीतरी कमी पडेल. फक्त आधी विचारा की पेट्रोल भरलेली मशीन ठेवू देतात का, सगळीकडे देत नाहीत. नॉर्थ शोअरला वर्षातून एखाददुसऱ्यांदा जाल तेव्हा आहेच उघडा ट्रेलर.

तुमच्या मित्राबद्दल, ज्याच्याकडे सिल्व्हेराडो आहे आणि जो निम्मे पैसे घालतो म्हणतोय. कल्पना चांगली आहे, मांडणी उलटी आहे. भागीदारीत ट्रेलर घेऊ नका. टायटल एकाचं, हप्ता दोघांचा, अपघात झाला तर इन्शुरन्स कोणाचा, आणि एकाला टेक्सासला नोकरी लागली की उरलेला हप्ता कोण भरणार, यावरून मंडळाच्या गणपतीत एकमेकांकडे न बघणारी माणसं मला माहीत आहेत. त्याच्याकडे पिकअप आहे, अंगणही आहे असं तुम्ही म्हणता, तर ट्रेलर त्याने घ्यावा, त्याच्या नावावर, त्याच्या इन्शुरन्सवर. तुम्ही दर ट्रिपला ठरलेले पैसे द्या, दीडशे द्या, पेट्रोल तुमचं. त्याला निम्मा खर्च निघाल्यासारखा, तुम्हाला बर्फ पडेल तेवढेच पैसे.

आणि एवढं सगळं वाचूनही स्वतःचाच हवा असेल, तर इमर्जन्सीचे ४२,००० आधी पूर्ण करा, मग मार्च-एप्रिलमध्ये जुना बघा, तेव्हा लोक विकायला काढतात. रोखीने, सात-आठ हजारांच्या वर नाही. तुमच्या गाडीला उंच, स्लेड एकामागे एक राहणारा इनलाइन ट्रेलर झेपणार नाही, त्यापेक्षा साडेआठ फूट रुंद, बुटका, दोन स्लेड शेजारी-शेजारी राहतात तो हायब्रिड प्रकार बघा, वजन कमी, वारा कमी. तरी दोन स्लेड आणि सामान धरून आकडा ३,५०० च्या बराच खाली आहे ना हे वजनकाट्यावर नेऊन बघा, स्टिकरवर विश्वास नको. बघायला जाताना गुडघ्यावर बसून मागच्या दाराजवळची प्लायवुडची फळी स्क्रूड्रायव्हरने टोचा, स्लेडवरचा बर्फ तिथेच वितळतो आणि कूज तिथूनच सुरू होते. स्क्रूड्रायव्हर आत गेला की भाव न विचारता परत या. छताच्या सांध्यांना आतून टॉर्च मारा, चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा, खरखर आवाज आला तर बेअरिंगचा खर्च धरा. आणि आत इंजिन सुरू करताना दोन्ही दारं सताड उघडी, मुलं बाहेर, हे पैशाचं नाही पण सांगून ठेवतो.

हायलँडरच्या ड्रायव्हरच्या दारावरच्या स्टिकरचा फोटो आणि ४०१के मध्ये कंपनीचा पूर्ण मॅच (तुमच्या भरण्यावर कंपनी घालते ते पैसे) घेताय की नाही हे पाठवा, ते पत्रात कुठेच नाही. मॅच अर्धा सुटत असेल तर २७० डॉलर कुठे जायला हवेत यावर आपल्याला वेगळं बोलावं लागेल.